ड्रम नसलेला टँगो

बॉलरूम शिकलेल्या माणसाने ब्युनोस आयर्समध्ये 'मला टँगो येतो' असं म्हणू नये. समोरचा सभ्य असेल तर विषय बदलतो, नसेल तर मान डावीकडे खाडकन झटकून दाखवतो. त्यांच्या लेखी आमच्या टँगोची ओळख म्हणजे ती झटकलेली मान. उलट बाजूही मला चांगली ठाऊक आहे. स्पर्धांमध्ये उमेदीची वर्षं घालवलेली बॉलरूमची मंडळी अर्जेंटिनाच्या नाचाला नाक मुरडतात : हे तर नुसतं चालणं, तेही डोळे मिटून आणि खरखरत्या तबकडीवर. दोन्ही पक्ष एकमेकांच्या पायांकडे बघून भांडतात. माझ्या मते भांडण पायांचं नाहीच, कानांचं आहे.

माझं शिक्षण वांद्र्याचं. सर मूळचे गोव्याचे, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवलेले. मुंबईच्या नाचघरांत तेव्हा बहुतेक वादक गोवेकरच असत. ताजमध्ये मिकी कोरिया यांचा बँड कितीतरी वर्षं होता. फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झच्या जोडीने त्या संध्याकाळींमध्ये टँगोही वाजायचा. सरांचा अभ्यासक्रम लंडनचा, परीक्षा लंडनच्या संस्थेची, तबकड्या व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांच्या. टँगो मूळ अर्जेंटिनाचा, एवढं एक वाक्य आम्ही तोंडी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्यापुढे अर्जेंटिनाशी आमचा संबंध नव्हता आणि सरांचाही नव्हता.

टँगो जन्मला रिओ दे ला प्लाताच्या दोन्ही काठांवर, ब्युनोस आयर्समध्ये आणि माँतेविदेओत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे इटलीहून, स्पेनहून जहाजं भरभरून माणसं उतरत होती. आफ्रिकी वंशाच्या लोकांचं कांदोंबे तिथे आधीपासून होतं, क्यूबाची हाबानेरा बंदरातून आलेली होती, गावाकडची मिलोंगा होती. सुरुवातीचे टँगो बासरी, व्हायोलिन आणि गिटारवर वाजत. मग जर्मनीहून बँडोनिऑन आला. क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांचं नाव त्याला चिकटलं आणि पुढे सर्वांत नावाजलेले नग सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डच्या आर्नोल्ड कारखान्यातून येऊ लागले. त्या भात्याने टँगोची चाल संथ केली, आवाज जड केला. व्हायोलिन, बँडोनिऑन, पियानो, कॉन्ट्राबास असा ताफा ठरत गेला. त्याला 'ओर्केस्ता तिपिका' म्हणतात. त्यात ड्रम नाही. ठेका द्यायचा तो पियानोच्या डाव्या हाताने, कॉन्ट्राबासने आणि बँडोनिऑनच्या भात्याला दिलेल्या झटक्याने.

1913 साली पॅरिसला टँगोचं वेड लागलं. लंडनच्या हॉटेलांत चहाबरोबर टँगो मिळू लागला, जर्मन कैसरने गणवेशातल्या अधिकाऱ्यांना तो नाचायला मनाई केली आणि पॅरिसच्या आर्चबिशपांनी निषेधाचं पत्र काढलं. सर्वांत जास्त लाज वाटली ती अर्जेंटिनाच्या प्रतिष्ठितांना. बदनाम वस्त्यांतला नाच युरोपात देशाची ओळख व्हावी, हे पॅरिसमधले त्यांचे राजदूत एन्रिके लारेता यांना सहन होईना. पॅरिसने शिक्का मारल्यावर मात्र घरची दारं हळूहळू उघडली. असल्या बाबतीत आपणही मागे नाही, म्हणून हसायचं कारण नाही.

पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये वेगळीच अडचण उभी राहिली. हॅमरस्मिथ पॅले 1919 मध्ये सुरू झालं, अमेरिकेहून जाझ आलं, प्रचंड नाचघरांत हजारो अनोळखी माणसं एकाच वेळी नाचू लागली. कोण कुठल्या दिशेला उडी मारेल याचा नेम नाही. 'डान्सिंग टाइम्स'चे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी 1920 मध्ये शिक्षकांना एकत्र बोलावलं. नऊ वर्षांनी झालेल्या मोठ्या परिषदेत वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप आणि टँगो यांची मूळ पावलं आणि वेग ठरवून टाकले. मला हे काम मनापासून आवडतं. वांद्र्याची मुलगी ब्लॅकपूलच्या माणसाबरोबर पहिल्याच भेटीत नाचू शकते, ती या लोकांमुळे. पण वेग आणि पावलं ठरली की मोजता येतात, मोजता आली की गुण देता येतात. तशा स्पर्धा त्याआधीच सुरू झाल्या होत्या. ब्लॅकपूलचा महोत्सव 1920 चा, आणि 1922 मध्ये लंडनला झालेली जागतिक स्पर्धा फिलिस क्लार्कबरोबर जिंकली ती याच सिल्व्हेस्टर यांनी.

आता 1935 साल. या एका वर्षावर मी वर्गात तासभर बोलते आणि मुलं घड्याळाकडे बघतात.

लंडनमध्ये सिल्व्हेस्टर वैतागले होते. नाचण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तबकड्या ठरलेल्या वेगात नसायच्या. वादक स्वतःच्या लहरीत वाजवायचे. त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला, अट एकच : वेग पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत काटेकोर. तबकडीच्या लेबलवर गाण्याच्या नावाखाली नाचाचं नावही छापलेलं. या तबकड्या कोट्यवधींनी खपल्या आणि जिथे जिथे इंग्रजी राज्य होतं तिथल्या नाचाच्या वर्गांत जाऊन बसल्या.

त्याच वर्षी ब्युनोस आयर्समध्येही एका माणसाला नाचणाऱ्यांची काळजी पडली होती. टँगो तोवर गायकांचा झाला होता. कार्लोस गार्देलचा आवाज सगळीकडे होता, लोक खुर्चीत बसून ऐकत होते. जूनमध्ये मेदेयीनच्या विमान अपघातात गार्देल गेला. वर्ष सरता सरता व्हायोलिनवादक हुआन दारिएन्सो यांच्या वाद्यवृंदात रोदोल्फो बियाजी नावाचा पियानोवादक आला आणि त्याची बोटं दोन ओळींमधल्या मोकळ्या जागांत टोचायला लागली. ठेका धारदार झाला, वेग वाढला, तरुण मंडळी खुर्च्या सोडून उठली. दारिएन्सोंना लोक 'ठेक्याचा राजा' म्हणू लागले.

म्हणजे मागणी एकच, नाचता येईल असं वाजवा. लंडनने उत्तर दिलं : मग सगळे एकाच मापाने वाजवू. ब्युनोस आयर्समध्ये उलट झालं. दारिएन्सोंच्या यशामुळे ज्याला त्याला नाचणारे आपल्याकडे ओढायचे होते, आणि ओढायचे तर वेगळं वाजवायला हवं होतं. दी सार्ली यांनी वेग उतरवून व्हायोलिनना लांब श्वास दिला, त्रोइलो यांनी गायकाला वाद्यवृंदात विरघळवलं. नाचणारी माणसं वाद्यवृंदानुसार विभागली गेली. अमक्याचं वाजलं की उठायचं, तमक्याचं वाजलं की बसून राहायचं. आजही मिलोंगेत, म्हणजे टँगोच्या बैठकीत, एका वाद्यवृंदाचे तीन किंवा चार टँगो सलग लावतात. त्याला 'तांदा' म्हणतात. मध्ये भलत्याच संगीताचा तुकडा वाजतो, जमीन रिकामी होते, आणि पुढचा वाद्यवृंद कोणता हे कळल्यावर माणसं लांबूनच नजरेने जोडीदार ठरवतात. आधी संगीत, मग माणूस.

बॉलरूमच्या स्पर्धेतला टँगो मिनिटाला 31 ते 33 मापांचा, मापात चार मात्रा. घड्याळ लावून दारिएन्सो मोजून बघा, कित्येक तबकड्या याच आकड्याच्या आसपास पडतात. तेव्हा 'तुमचा टँगो फार पळतो' हा ब्युनोस आयर्सचा आरोप मी मानत नाही. फरक पडला तो ड्रमने. आमच्या स्पर्धेच्या संगीतात स्नेअर ड्रम लष्करी शिस्तीत खडखडत राहतो. मात्रा कुठे संपली ते तो इतकं स्पष्ट सांगतो की शरीरालाही तिथेच खाडकन थांबावंसं वाटतं. मान झटकायची पद्धत 1930 च्या दशकात स्पर्धेच्या जमिनीवर आली आणि टिकली, कारण ते संगीतच ती मागत होतं. आणि चाली तरी कुठल्या? आमच्या वर्गातली सर्वांत लाडकी चाल 'जेलसी', ती डेन्मार्कच्या याकोब गाडे यांनी 1925 मध्ये कोपेनहेगनच्या चित्रपटगृहातल्या वाद्यवृंदासाठी रचलेली. सुंदर चाल आहे. पण तिच्यावर नाचून ब्युनोस आयर्सबद्दल मत द्यायचं म्हणजे जरा अतीच.

याच्या दुसऱ्या टोकाला पुग्लिएसे. ओस्वाल्दो पुग्लिएसे कम्युनिस्ट. वरचेवर तुरुंगात जायचे, आणि ते आत असले की वाद्यवृंद बंद पियानोवर लाल कार्नेशन ठेवून वाजवायचा. त्यांच्या 1946 च्या 'ला युंबा'मध्ये पहिली आणि तिसरी मात्रा जमिनीत रुतते, मधल्या जवळजवळ गिळल्या जातात. एकाच टँगोत वेग ओढला जातो, सैल सुटतो, थांबतो. त्यावर नाचताना मला विलंबित ख्यालात समेची वाट बघितल्यासारखं वाटतं; ती येणार हे माहीत असतं, कधी ते नाही. पाठ केलेली रचना इथे कामाला येत नाही. जोडीदाराच्या छातीला छाती लावून उभं राहायचं कारणही हेच, लोक समजतात ते नाही. पुढचं पाऊल कधी पडणार हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळणारच नाही. बॉलरूममध्ये आम्ही कमरेपाशी जुळतो आणि डोकी लांब नेतो, कारण पुढे काय वाजणार हे दोघांनाही पाठ असतं.

ब्युनोस आयर्सचे जुने लोक दुसरा आरोप करतात तो स्पर्धेचा. आम्ही स्वतःसाठी नाचतो, तुम्ही परीक्षकांसाठी. हे ऐकायला छान आहे, खरं मात्र अर्धंच. वस्तीवस्तीत उत्तम नाचणारा कोण याची चुरस तिथे पहिल्यापासून होती. हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस ही जोडी 1951 मध्ये लुना पार्कच्या स्टेडियममध्ये भरलेली स्पर्धा जिंकूनच पुढे आली. त्या स्पर्धेच्या वेळी त्यांच्या तोंडी परीक्षेला कुणी लंडनचं पुस्तक लावलं नव्हतं, एवढाच फरक.

1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोन सत्तेवरून गेले, लष्कर आलं, पाठोपाठ रॉक आलं. मोठे वाद्यवृंद पोसणं परवडेना. संगीतकार पियात्सोला यांनी टँगो पुन्हा खुर्चीत बसवला, या वेळी कायमचा वाटावा इतका. नाचणारे उपनगरी क्लबांत उरले. व्हिया उर्किसातल्या संडरलँड क्लबमध्ये बास्केटबॉलच्या मैदानावर नाचतात, अजूनही. दार पुन्हा उघडलं ते पॅरिसनेच. 'तांगो आर्हेंतिनो' हा प्रयोग 1983 मध्ये तिथे झाला आणि 1985 मध्ये ब्रॉडवेवर गेला. त्यात विरुलासो नावाचा, चांगलाच स्थूल, प्रौढ गृहस्थ होता. तो नुसता चालत आला तरी प्रेक्षागृह गप्प व्हायचं. आमच्या स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत त्याच्या वजनाने त्याला घरी पाठवलं असतं, आणि याची मला एक नाचशिक्षिका म्हणून लाज वाटते.

मग 2003 मध्ये ब्युनोस आयर्सच्या नगर सरकारनेच जागतिक टँगो स्पर्धा सुरू केली. एक गट रंगमंचाचा, दुसरा जमिनीवरच्या सामाजिक नाचाचा. या दुसऱ्या गटाचे नियम वाचण्यासारखे आहेत. बऱ्याच जोड्या एकाच वेळी, घड्याळाच्या उलट दिशेने. ही दिशा आमचीही तीच, हे दोघेही विसरतात. संगीत सुरू असताना मिठी सोडायची नाही. उड्या नाहीत, उचलणं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं : कोणता टँगो वाजणार हे आधी माहीत नाही. दी सार्ली आले तर दी सार्ली, पुग्लिएसे आले तर पुग्लिएसे.

या स्पर्धेवरही तिथे कुरकुर आहे. जिंकणाऱ्यांची चाल दरवर्षी एकमेकांसारखी होत चालली आहे, लांब पाऊल, ताठ पाठ, सगळेच जणू व्हिया उर्किसात जन्मलेले. ही तक्रार मला पटते. गुण आले की असं होणारच, आमच्याकडे शंभर वर्षं हेच चाललं आहे. पण 2009 मध्ये या गटात हिरोशी आणि क्योको यामाओ हे जपानी जोडपं पहिलं आलं, तेव्हा 'परके' म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे माझं लक्ष गेलं नाही. न निवडलेल्या तबकडीवर, इतर जोड्यांच्या गर्दीत त्यांनी ते करून दाखवलं होतं. जपानी माणसं 1920 च्या दशकापासून टँगो ऐकत आली आहेत, तेही विसरू नये.

हल्ली परीक्षेच्या आधी मी माझ्या बॉलरूमच्या मुलांना शेवटच्या आठवड्यात दारिएन्सो लावते. वेग बसतो, पावलंही बसतात. ड्रम नसल्याने पहिल्या दिवशी सगळे एकमेकांच्या पायावर पडतात आणि पालक विचारतात की अभ्यासक्रमातलं संगीत का लावत नाही. पुग्लिएसे अजून लावलेले नाहीत. त्यासाठी लंडनची परवानगी नको, पण वर्गाला मोठी खोली हवी.