दत्तक म्हणजे 'दिलेला'

'दत्तक' हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ बघायचं राहूनच जातं. दत्त म्हणजे दिलेला. घेतलेला नव्हे, दिलेला! म्हणजे या शब्दात घेणाऱ्याच्या आधी देणारा आहे. आणि देणारा आहे म्हणजे त्याचं एक घर आहे, गाव आहे. मूल जिथून निघालं ते ठिकाण शब्दातच बसवून ठेवलंय. मग आपल्याकडे दत्तक मुलाच्या जन्मगावाचा विषय निघाला की सगळे आवाज खाली का आणतात?

हा प्रश्न डोक्यात शिरायला कारण झालं माझं गाव. मी दांडीचा. (मिठाची दांडी नव्हे, ती गुजरातेत. हा खुलासा मी शाळेपासून करत आलोय :) ) आमची दांडी पालघर तालुक्यात, बोईसरहून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की लागते. तर, ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "अरे, तुमच्या बाजूला दोन दिवस यायचंय. लेकीला समुद्र दाखवायचाय." मग जरा थांबून म्हणाला, "तिचा जन्म तिकडचा आहे." मुलगी पाचवीत आहे. ती दत्तक आहे हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तिला हवं होतं ते फक्त गाव बघायला. घरातल्या मोठ्यांचा मात्र विरोध होता: "कशाला जुनं उकरायचं? आपल्यात असं करत नाहीत."

'आपल्यात असं करत नाहीत' हे वाक्य ऐकलं की मला नेहमी शंका येते. म्हटलं बघू तरी, आपल्यात नक्की काय करतात.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सयाजीराव गायकवाडांचं. १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हाररावांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव वारले होते, त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. ही परवानगी काही आपोआप मिळालेली नाही बरं का. २०-२५ वर्षांपूर्वी डलहौसीने दत्तक वारस नाकारूनच १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली होती. दुसऱ्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर, १८५१ मध्ये, त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांचं आठ लाखांचं पेन्शनही बंद झालं. त्यातून १८५७ मध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्यानंतर धोरण बदललं, १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. तेव्हा कुठे बडोद्याला मुलगा शोधता आला.

शोध पोचला नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याला. तिथे गायकवाडांचीच एक दूरची, शेती करणारी शाखा राहत होती. काशीराव आपल्या आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव या मुलांना घेऊन बडोद्याला गेले. 'इथे कशाला आलात?' असं विचारल्यावर मधल्या गोपाळने 'राज्य करायला' असं उत्तर दिलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, निवड त्याचीच झाली. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला. वय बारा, आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. याच मुलाने पुढे १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.

आता गंमत बघा. यात लपवालपवी कुठे आहे? बाप स्वतः मुलाला घेऊन गेला. भाऊ पुढे बडोद्यातच राहिले. कवळाणं हे नाव आजही महाराजांच्या चरित्राच्या पहिल्या पानावर असतं. कोल्हापूरचंही तेच. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. त्यांचं जन्मस्थळ, कसबा बावड्यातला लक्ष्मी-विलास पॅलेस, आज स्मारक आहे. तिथे सहली जातात! जुन्या दत्तकविधानात मूल चारचौघांत, हातातून हातात द्यायचं असे. जन्मघर हे लपवायचं प्रकरण नव्हतं, उलट तीच मुलाची पात्रता होती.

अर्थात त्या व्यवस्थेला फार गोड समजायचं कारण नाही. तिला हवा होता वारस आणि पिंड द्यायला मुलगा. मुलींना त्या हिशेबात जागाच नव्हती. हिंदूंमध्ये मुलगी दत्तक घ्यायला स्पष्ट कायदेशीर मान्यता मिळाली ती थेट १९५६ च्या कायद्याने.

मग गुप्तता आली कुठून? त्यासाठी पुण्यात यावं लागतं. १८६३ मध्ये, म्हणजे गोपाळ जन्मला त्याच वर्षी, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेचा पुनर्विवाह नाही, आणि गरोदर राहिली तर तिच्यापुढे विहीर नाहीतर गुन्हा, अशी परिस्थिती होती. फुल्यांनी सांगितलं की इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल हवं तर न्या, नको तर ठेवून जा. इथे 'गुपचूप' हा शब्द महत्त्वाचा. ती गुप्तता आईचा जीव वाचवायला होती. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. फुले दांपत्याने तोच दत्तक घेतला आणि नाव ठेवलं यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या, तेव्हा तो त्याच कामात होता. यशवंत कुठून आला हे फुल्यांनी लपवलं नाही. दीडशे वर्षांनंतर मला काशीबाईंचं नाव माहीत आहे, ते त्यामुळेच.

थोडक्यात, गुप्तता ही परंपरा नाही. एका अडचणीतल्या बाईला दिलेलं ते संरक्षण होतं. नंतर आपण तेच उचलून मुलावर घातलं आणि त्याला 'आपल्यात असं करत नाहीत' म्हणायला लागलो.

कायद्याची भाषाही जरा कडकच आहे. १९५६ च्या कायद्यातलं कलम १२ म्हणतं की दत्तक झाल्या दिवसापासून जन्मघराशी असलेले सगळे संबंध तुटले. पण लगेच पुढे अपवाद आहे: जन्मघरात राहून ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही करता येणार नाही. म्हणजे कायद्यानेसुद्धा रेकॉर्ड डिलीट केलेलं नाही, नुसतं नजरेआड केलंय.

आणि माणसाच्या डोक्यातून ते डिलीट होतही नाही. सरू ब्रायर्लीची गोष्ट आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. खांडव्याचा हा मुलगा १९८६ मध्ये पाचेक वर्षांचा असताना बऱ्हाणपूर स्टेशनवर गाडीत झोपला आणि थेट कोलकात्याला पोचला. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या जोडप्याने त्याला दत्तक घेतलं. आठवणीत काय उरलं होतं? मोडकीतोडकी नावं, स्टेशनजवळची पाण्याची टाकी, एक पूल. पुढे गूगल अर्थ आल्यावर त्याने गाडीचा वेग गुणिले तास असा अंदाज बांधून कोलकात्याभोवती सुमारे १,२०० किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि रात्र-रात्र रूळ तपासले. २०११ मध्ये ठिकाण सापडलं, २०१२ मध्ये आई भेटली. त्याची दत्तक आई स्यूही नंतर खांडव्याला आली आणि दोघी आया भेटल्या. त्यानंतर सरू टास्मानियाच्या घराला परका झाला का? अजिबात नाही.

प्रत्येकाला माणसं भेटतीलच असं नाही, आणि तसा हट्टही धरता येत नाही. आजचे दत्तक नियम इथे बऱ्यापैकी शहाणे आहेत. मुलाला आपलं मूळ शोधायचा मार्ग आहे, मात्र अठरा वर्षांखालच्या मुलाने दत्तक पालकांसोबत अर्ज करायचा. तिसऱ्या माणसाने शोध घ्यायचा नाही. आणि मुलाच्या हक्कासाठी जन्मदात्यांच्या खाजगीपणाला धक्का लावायचा नाही. म्हणजे काशीबाईचा हक्क आणि यशवंतचा हक्क, दोन्ही एकाच नियमात बसवलेत. गाव बघायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. गाव म्हणजे काही कुणाची फाईल नव्हे!

मित्र आला, बायको आणि लेकीला घेऊन. हो-नाही करत आजीसुद्धा आली. आम्ही कुणाला काही विचारलं नाही, शोधलं नाही. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, होड्या वर ओढलेल्या होत्या. पोरीने मला एकच विचारलं, "काका, इथल्या सगळ्यांना पोहता येतं?" म्हटलं बहुतेकांना येतं. "मग मला पण येईल," असं म्हणून ती पाण्याकडे पळाली. आजी मागून ओरडली, "अगं, चप्पल काढ आधी!" जुनं उकरण्याचा कार्यक्रम एवढाच.

आपल्या पिढीत दत्तक घेणारे वाढतायत. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुलं कायदेशीरपणे दत्तक गेली. आपल्या टीममध्ये, सोसायटीत अशी घरं असणार. ही मुलं मोठी होतील आणि कधीतरी 'मी कुठली?' विचारतील. तेव्हा उत्तराला फार हुशारी लागत नाही. गावाचं नाव सांगायचं आणि जमलं तर तिकीट काढायचं. बारा वर्षांच्या गोपाळचं कवळाणं पुसून टाकायची गरज बडोद्याच्या राजवाड्यालाही वाटली नाही, मग आपल्या टू बीएचकेला का वाटावी?