अँटी-डी, रक्तवाढीचं सलाईन, गर्भपाताच्या गोळ्या : महिलांच्या चिठ्ठीवरचं औषध तालुक्यात का मिळत नाही आणि मिळवायचं कसं?

ताप, खोकला, बीपी, शुगर यांच्या गोळ्या आता मोठ्या गावातल्या मेडिकलवर सहज मिळतात. पण स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली काही औषधं तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा सापडत नाहीत. "आमच्याकडे नाही, जिल्ह्याला बघा," एवढंच उत्तर मिळतं. घरचा माणूस चिठ्ठी घेऊन चार दुकानं फिरतो, तोवर संध्याकाळ होते. यातली काही औषधं ठरलेल्या वेळेतच द्यावी लागतात. म्हणून कोणतं औषध का मिळत नाही आणि त्यासाठी आधी काय करून ठेवायचं, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

दुकानात का नसतं?

पहिलं कारण खपाचं. वर्षातून दोन-चारच गिऱ्हाईकं येणारं महाग इंजेक्शन छोटा दुकानदार भरत नाही. ते पडून राहिलं तर एक्स्पायरी होते आणि पैसे अडकतात.

दुसरं कारण थंडाव्याचं. अँटी-डीसारखी इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. जिथं दिवसातून चार वेळा लाईट जाते, तिथं नुसता फ्रीज असून भागत नाही.

तिसरं कारण कारवाईच्या भीतीचं. काही औषधांचा गैरवापर होतो, म्हणून त्यांच्यावर सरकारची नजर असते. ऑक्सिटोसिनचंच बघा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं हे इंजेक्शन जनावरांना पान्हा सोडायला वापरलं जातं म्हणून सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना ते देशात विक्रीसाठी बनवायला बंदी केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. गैरवापर गोठ्यात होत होता, पण टंचाईचा धोका बाळंतिणीला होता.

अँटी-डी इंजेक्शन : ७२ तासांचा हिशोब

आपल्याकडे शंभरातल्या साधारण ५ जणांचा रक्तगट निगेटिव्ह असतो. आई निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणाच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. मग आईचं शरीर त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पण पुढच्या खेपेला हीच प्रतिपिंडं पोटातल्या बाळाच्या रक्तावर हल्ला करतात. बाळाला जोराची कावीळ होते, रक्त कमी होतं, कधी बाळ पोटातच दगावतं. "पहिलं चांगलं झालं, दुसरं गेलं," असं गावात बोललं जातं, त्यामागे कधीकधी हे कारण असतं.

अँटी-डी इंजेक्शन ही प्रतिपिंडं तयारच होऊ देत नाही. पण एकदा ती तयार झाली, की नंतर इंजेक्शन देऊन उपयोग नसतो. म्हणून वेळेला महत्त्व आहे :

- गरोदरपणात साधारण २८ व्या आठवड्याला, म्हणजे सातवा महिना लागताना. त्याआधी आयसीटी नावाची रक्ततपासणी होते.
- बाळंतपणानंतर बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत.
- गर्भ पडला, गर्भपात केला, मधेच अंगावरून रक्त गेलं किंवा पोटावर मार लागला, तरी ते लागू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना आपला निगेटिव्ह गट आठवणीने सांगा.

७२ तास उलटले म्हणून घरी बसू नका. उशिरा दिलं तरी काही फायदा होऊ शकतो, त्यामुळे लगेच डॉक्टरांना विचारा. नवऱ्याचा गटही तपासून घ्या. दोघेही निगेटिव्ह असतील तर सहसा या इंजेक्शनची गरज पडत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा.

हे इंजेक्शन १५० आणि ३०० मायक्रोग्रॅम अशा दोन मापांत येतं. चिठ्ठीवर ३०० असेल आणि दुकानदार १५० देत असेल, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका.

जिल्ह्याहून आणताना ते थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटासोबत आणा. पण थेट बर्फावर ठेवू नका, गोठलं की ते वाया जातं. मधे कापड किंवा पुठ्ठा घाला. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचं झालं तर खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणात नको. एसटीच्या टपावर किंवा गाडीच्या डिकीत उन्हात राहिलेलं इंजेक्शन देण्याआधी सिस्टरना तसं स्पष्ट सांगा.

रक्तवाढीचं सलाईन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर ते कमी धरतात, ७ च्या खाली गेलं तर धोक्याचं. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील किंवा दिवस भरत आले असतील, तर डॉक्टर शिरेतून लोह देतात.

यात दोन प्रकार जास्त चालतात. आयर्न सुक्रोज स्वस्त पडतं, पण थोडं थोडं द्यावं लागतं, त्यामुळे चार-पाच हेलपाटे होतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज महाग आहे, पण एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. मजुरी बुडवून आणि गाडीभाडं घालून येणाऱ्या बाईला कधीकधी महाग औषधच स्वस्त पडतं. डॉक्टरांशी याचा हिशोब मोकळेपणाने बोला. दोन्ही औषधं दवाखान्यातच घ्यायची. रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून घरी कुणाला बोलावून सलाईन लावून घेऊ नका.

गर्भपाताच्या गोळ्या

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकणं कायदेशीर आहे. तरी महाराष्ट्रात बहुतेक मेडिकलवाले त्या ठेवतच नाहीत. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यात परळीचं गर्भपाताचं प्रकरण उघड झालं आणि राज्यभर तपासण्या कडक झाल्या. तेव्हापासून कागदपत्रांची कटकट नको म्हणून दुकानदार हात वर करतात. खरं तर या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच वापरायच्या असतात, आणि तेवढ्या लवकर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळत नाही. लिंगनिदानाची भीती या गोळ्यांना चिकटली आणि त्रास गरजू बाईला झाला.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ मध्ये त्यात बदल झाला. कायद्यात बसणाऱ्या कारणासाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत लागतं. बाई १८ वर्षांच्या वरची असेल तर तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

दुकानात मिळत नाहीत म्हणून कुणाकडून चोरून गोळ्या आणू नका. गर्भ नळीत राहिला असेल तर गोळीने तो पडत नाही, नळी फुटून जिवावर बेततं. ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा सिव्हिलला ही सेवा आहे का ते आधी विचारा. दिवस मोजायला उशीर झाला की गोळ्यांचा मार्ग बंद होतो.

चिठ्ठी हातात आल्यावर

१. डॉक्टरांसमोरच विचारा : हे कधीपर्यंत लागेल? दुसऱ्या कंपनीचं चालेल का? चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि माप मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

२. चिठ्ठीचा फोटो तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दोन-तीन मेडिकलना पाठवा. आधी फोन करा, मग गाडीला किक मारा. ऑर्डर दिली तर बरेच दुकानदार जिल्ह्याच्या एजन्सीकडून मागवून देतात.

३. जनऔषधी केंद्रात विचारा. "जनऔषधी सुगम" या मोबाईल अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि औषधांची यादी दिसते.

४. सरकारी दवाखान्यात बाळंतपण असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं मोफत आहेत. ही योजना २०११ पासून चालू आहे. "बाहेरून आणा" म्हटलं तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. दवाखान्याला स्थानिक पातळीवर औषध खरेदी करता येतं.

५. बिल घ्याच. त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी तपासा. अँटी-डी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. टंचाई आहे म्हणून छापील किमतीच्या वर पैसे घेणं बेकायदा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

६. आरोग्य सल्ल्यासाठी १०४, गरोदर मातेच्या गाडीसाठी १०२ आणि तातडीला १०८ हे नंबर फोनमध्ये ठेवा.

आधीची तयारी

पेरणी तोंडावर आल्यावर बियाणं शोधणाऱ्याचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. इथंही तसंच आहे. घरात गरोदर बाई असेल तर तिचा रक्तगट पहिल्या तीन महिन्यांतच तपासून माता-बालक कार्डावर लिहून घ्या. निगेटिव्ह निघाला तर त्याच दिवशी आशाताईंना आणि नर्सबाईंना सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तिथं डॉक्टरांना विचारा की २८ व्या आठवड्याचं आणि बाळंतपणानंतरचं इंजेक्शन कुठे मिळेल. बाळंतपणाची तारीख दिवाळी, गणपती किंवा जोडून सुट्ट्यांत येत असेल तर चार-आठ दिवस आधीच ऑर्डर देऊन ठेवा. एजन्सी बंद असली तरी बाळंतपण थांबत नाही.