संपाचं साल

संप सुरू झाला तो सोमवार होता. १८ जानेवारी १९८२. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. आजीनं तिळाचे पाच लाडू डब्यात घालून डबा फडताळात मागं सरकवून ठेवला होता, आण्णा आले म्हणजे द्यायला. आण्णा म्हणजे माझे वडील. ते मुंबईला, लालबागला राहून गिरणीत काम करायचे. संक्रांतीला त्यांना रजा मिळत नसे, पण आजीचे लाडू दरवर्षी राखलेले असायचे.

मी तेव्हा पाचवीत होतो. आमचं गाव नाणे मावळातलं, कामशेतच्या बाजारापासून सहा किलोमीटर आत. गावात दोन-तीन घरी रेडिओ होते. संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं, की मुंबईतल्या कापडगिरण्यांमधले कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली बेमुदत संपावर गेले. आकडा अडीच लाखांच्या घरातला होता. आजीला आकड्याचं काही नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "मंग मनिआर्डर?"

गावातल्या निम्म्या घरांत त्या रात्री हाच प्रश्न होता. मावळात पाऊस उदंड, पण पीक एकच, भाताचं. दिवाळीनंतर खळं उरकलं की हाताला काम नाही. पुणे ते खंडाळा रूळ १८५८ साली पडले, बोरघाट १८६३ साली फुटला आणि मुंबईची वाट उघडली. तेव्हापासून आमच्याकडं पोरगं हाताशी आलं की गाडीत बसवून द्यायची रीत पडली. कोणी गिरणीत, कोणी माथाडीत, कोणी डब्यांच्या धंद्यात. मुंबईचे डबेवाले बहुतेक करून मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातलेच. माझे चुलते, तात्या, अंधेरीकडं डबे उचलायचे. घरात दोन मनिऑर्डरी येत, त्यातली मोठी आण्णांची.

फेब्रुवारीत ती आली नाही. मार्चातही नाही. पोस्टमन आमच्या दारावरून सायकल न थांबवता पुढं जायचा. आईनं त्याला हाक मारणं बंद केलं.

आण्णा दोन महिने लालबागच्या गाळ्यातच राहिले. एका खोलीत वीसेक माणसं, पाळीपाळीनं झोपणारी. एरवी निम्मी कामावर असायची म्हणून जागा पुरायची. संपात सगळीच घरी, मग झोपायला जागा कुठली? काहीजण जिन्यात झोपत. खानावळवाल्या मावशीनं दीड महिना उधारीवर जेवू घातलं. मग तिचंच भांडं रिकामं झालं. मग तात्या रात्री डबा घेऊन लालबागला जायचे आणि दोघं भाऊ एका डब्यात जेवायचे. हे आण्णांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तात्यांनी सांगितलं, तेही फार उशिरा.

चैत्रात गावच्या जत्रेला डबेवाले चार-पाच दिवस डबे बंद ठेवून गावी येतात. त्या वर्षी तात्यांबरोबर आण्णाही आले. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागली, गाडी घाट चढली, लोणावळ्याला उतरून पुढं लोकलनं कामशेत. ही पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली होती, आम्हाला अजून तिचं नवल होतं. मी बैलगाडी घेऊन स्टेशनवर गेलेल्या थोरल्या काकांबरोबर होतो. आण्णांच्या हातात ट्रंक होती, वळकटी होती, भिंतीवरचा आरसासुद्धा होता. जत्रेला येणारा माणूस आरसा घेऊन येत नाही, एवढं मलाही कळलं.

ओढ्याच्या चढाला सगळे उतरून चालू लागले, तर आण्णा मध्येच थांबले. गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेऊ लागले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. चाळीशीही न गाठलेला माणूस. काका काही बोलले नाहीत, बैलांचा कासरा माझ्याकडं दिला आणि आण्णांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

खोकला त्यांना तीन-चार वर्षं होता. गावात सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता, तो कोणी तोंडावर घेत नव्हतं. टीबी. आजीनं न बोलता त्यांचं ताट-वाटी वेगळी केली. आई ती रोज रात्री घासून पुन्हा सगळ्यांच्या भांड्यांत मिसळायची. सासू-सुनेचं हे मुकं भांडण आठवडाभर चाललं.

शेवटी जत्रा झाल्यावर आई म्हणाली, "एकदा तपासून तरी घ्या. काय आसंल ते आसंल." आण्णा मला बरोबर घेऊन लोणावळ्याला गेले. डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, थुंकी तपासायला लावली. तीन दिवसांनी पुन्हा गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून पाहिला आणि विचारलं, "गिरणीत कुठल्या खात्यात?"

"ब्लोरूमला, साहेब. सतरा वर्सं."

ब्लोरूम म्हणजे जिथं कापसाच्या गाठी फोडतात, कापूस पिंजून साफ करतात ते खातं. आण्णा सांगायचे, तिथं माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात, पाळी सुटली की सगळे म्हातारे दिसतात.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न मला अजून आठवतो. "छाती कुठल्या वारी जास्त भरते?"

आण्णा चमकले. म्हणाले, "सोमवारी. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी दुपारनंतर लय त्रास. मंगळवारी जरा कमी."

डॉक्टर म्हणाले, टीबी नाही. कापसाच्या धुळीनं होणारा आजार आहे, बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. सुरुवातीला धुळीतून बाहेर पडलं तर माणूस सुधारतो. वर्षानुवर्षं तिथंच राहिला तर छाती कायमची जाते. मग थोडं थांबून म्हणाले, "संप कधी मिटतोय याची वाट नका बघू."

आण्णांनी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. सतरा वर्षांची नोकरी, फंड, दिवाळीचा बोनस. ते सगळं सोमवारच्या छातीपायी सोडायचं?

गाडीला वेळ होता म्हणून आम्ही वळवणच्या धरणाकडं चालत गेलो. उन्हाळ्याचे दिवस, पाणी खाली गेलेलं. आण्णा म्हणाले, "हे पाणी कुठं जातं म्हाईत हाय का? आमच्या गिरणीत." मला वाटलं, थट्टा करतात. मग त्यांनी सांगितलं. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवटा इथं पाणी अडवलं, ते मोठमोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं, सुमारे पाचशे मीटर खाली. १९१५ साली तिथं वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्याआधी गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या. जुन्या जाबरकडून त्यांनी हे ऐकलं होतं. पुढं मोठा झाल्यावर मी वाचलं, तर त्यात काही खोटं नव्हतं. आमच्या डोंगरावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याची वीज मुंबईला, आमची माणसंही मुंबईला. पलीकडच्या मुळशीत १९२१ साली असल्याच धरणासाठी जमिनी गेल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. आमच्याकडं कोणी सत्याग्रह केला नाही. आमच्याकडं तिकीट काढलं.

मे महिन्यात राब भाजले. शेण, पालापाचोळा, वाळली काटकी पसरून जमीन भाजायची आणि रोहिणीत त्यावर भाताचं बी पेरायचं. आण्णांना धुराजवळ जाऊ द्यायचं नाही, असं आईनं ठरवलं. ते दूर बांधावर बसून राहायचे. लग्न झाल्यापासून शेत आईनंच पाहिलं होतं. कुठल्या खाचराला किती पाणी धरतं, कुठला बांध फुटतो, कुठं आंबेमोहोर लावायचा आणि कुठं जाडं भात, सगळं तिच्या डोक्यात. आण्णा गणपतीला आठ दिवस यायचे ते पाहुण्यासारखे. त्या वर्षी पाहुणा घरात राहिला आणि त्याला काही येत नव्हतं.

आर्द्रात पाऊस धरला. चिखलणी झाली, सावडीची माणसं जमली. आण्णा इरलं पांघरून आवण उपटायला बसले. त्यांच्या मुठी सैल बांधल्या जायच्या, रोपं सुटायची. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी यायच्या आधी, तिनं त्यांना खाचरात नेऊन मूठ कशी बांधायची ते दाखवलं. मी भाकरी घेऊन गेलो तेव्हा दोघं चिखलात वाकलेली होती.

लावणी संपेपर्यंत एक गोष्ट झाली. आण्णा रात्री खोकत नव्हते. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. एका रात्री आजी उठून बसली आणि म्हणाली, "आरं, ह्यो झोपलाय का गेलाय?" आण्णा जागे झाले आणि हसले. चढावर ते अजून थांबायचे, पण शिट्टी कमी झाली होती.

श्वास आला, पैसा मात्र नव्हता. आईनं बोरमाळ कामशेतला गहाण ठेवून म्हैस घेतली. दूध लोणावळ्याला घालायचं ठरलं, दोन हॉटेलं आणि काही बंगले मिळाले. पहाटे सायकलला कॅन अडकवून आण्णा कामशेतला जायचे, तिथून लोकलनं लोणावळा. त्या वेळी मावळातले कितीतरी दूधवाले असेच लोकलनं जायचे, कोणी लोणावळ्याला, बरेचसे पुण्याकडं. खिडक्यांच्या गजांना बाहेरून कॅन लटकलेले असायचे. सुरुवातीला आण्णा डोक्याला मफलर गुंडाळून जायचे, पाऊस नसला तरी. कामशेतला गिरणीतलं कोणी ओळखीचं भेटलं तर? गिरणी कामगार म्हणजे गावात इस्त्रीची पँट घालणारा माणूस. एक दिवस त्यांना त्यांच्याच खात्यातला गडी भेटला, त्याच्या दोन्ही हातांत कॅन होते. त्यानंतर मफलर सुटला.

त्या वर्षी अधिक आश्विन आला. धोंड्याचा महिना. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. भात कापायला आलं नव्हतं, कणगी रिकामी झाली होती, दुकानाची उधारी वाढली होती. नेमका तेव्हा लोणावळ्याहून एक दलाल आला. रस्त्याकडेचं आमचं मोठं खाचर मुंबईच्या एका पार्टीला बंगल्यासाठी हवं होतं. त्यानं पैसे बोलून दाखवले. आण्णांनी हिशेब केला. उधारी फिटते, बोरमाळ सुटते, वर्षभर बसून खाता येतं. ते हो म्हणण्याच्या बेतात होते. पण सातबाऱ्यावर आजीचं नाव होतं, अंगठा तिचा लागणार होता.

आजीनं दलालाला चहा दिला. मग आण्णांना म्हणाली, "मुंबई बंद पडली तवा तू हितं आलास. हे इकलंस, तर पुढच्या वक्ताला कुठं येशील?" आणि गोठ्यात निघून गेली. पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. आण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कापणीचे विळे पाजून आणले.

भात बरं झालं. दिवाळीत घरचे पोहे होते, नवे कपडे नव्हते. बोरमाळ पुढच्या वर्षी सुटली.

संप मिटल्याचं कधी कोणी जाहीर केलंच नाही. तो हळूहळू विरत गेला. १९८३ च्या सुरुवातीला आण्णांच्या गिरणीत थोडी यंत्रं चालू झाली आणि ते पुन्हा मुंबईला गेले. आईनं अडवलं नाही, आजीनंही नाही. सतरा वर्षांचा माणूस नव्या बदलीवाल्यासारखा दारात उभा राहिला, कागदावर सही करून आत गेला. तो पहिला दिवस सोमवारच होता. दुपारी छाती आवळली. ते बारा दिवस टिकले. तेराव्या दिवशी लोणावळ्याहून लोकलनं उतरले, घरी आले आणि आईला विचारलं, "म्हैस किती देती आता?"

त्यानंतर ते मुंबईला कामाला गेले नाहीत. तात्या मात्र डब्यांत राहिले. संपात किती घरं मोडली, किती माणसं परत आली ती गावात कधी रुळलीच नाहीत, हे मी आमच्याच आळीत पाहिलंय. आण्णांना श्वास मिळाला म्हणून संप चांगला होता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गिरणीनं त्यांना सतरा वर्षं पोसलं आणि त्यांची छातीही घेतली. दोन्ही खरं.

आजी गेल्यावर, द्रुतगती महामार्ग झाल्यानंतर जमिनीचे भाव चढले, तेव्हा आम्ही भावंडांनी डोंगराकडचं वरकस विकलं. तिथं आता तारेचं कुंपण आहे. रस्त्याकडेचं खाचर राहिलं. त्यात आता इंद्रायणी भात असतो, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला. मी तळेगावला कंपनीत नोकरी केली, लावणीला मात्र रजा काढत आलो.

आण्णा सत्तरी ओलांडून गेले. शेवटच्या वर्षांत अंगणात खाटेवर बसलेले असायचे. सकाळी कधीतरी विचारायचे, "आज वार कंचा?" सोमवार म्हटलं की छाती भरून एक मोठा श्वास घ्यायचे, जणू तपासून बघतायत. मग म्हणायचे, "बरं हाय," आणि दुधाचा हिशेब विचारायचे.