फारोचा ‘उद्या’ आणि वऱ्हाडचा दुष्काळ

बायबलातील ‘निर्गम’ या पुस्तकात मिसर देशावर आलेल्या दहा पीडांची कथा आहे. नदीचे रक्त होते, घरात बेडूक शिरतात, मग उवा, गोमाशा, गुरांची मरी, गळवे, गारा, टोळ, अंधार आणि शेवटी घरोघरच्या थोरल्या मुलाचा मृत्यू. सृष्टीवर ईश्वराची सत्ता कशी चालते हे दाखवण्यासाठी ती सांगितली जाते. वऱ्हाडात बसून वाचताना मला मात्र ती राज्यकर्त्याच्या हट्टाची कथा अधिक वाटते.

गारांच्या प्रसंगी लेखक एक शेतकरी तपशील नोंदवतो: जवस फुलावर होता, सातू निसवला होता, म्हणून ते गेले, गहू मागास असल्याने वाचला. अकोल्या-अमरावतीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथे कोण विसरले आहे?

बेडूक कधी घालवू, असे मोशे विचारतो तेव्हा फारो म्हणतो, उद्या. अंथरुणात बेडूक असताना आणखी एक रात्र! (कचेऱ्यांची पायरी चढलेल्यांना हा शब्द ओळखीचा आहे.) पीडा ओसरली की तो शब्द फिरवतो. मूळ हिब्रूत त्याचे मन ‘जड’ झाले असे अनेकदा येते, आणि गारा व टोळ यांनाही तेच विशेषण आहे. परमेश्वरानेच त्याचे मन कठीण केले, असे पीडांच्या ओघात प्रथम सहाव्या पीडेपाशी येते; तोवर हट्ट त्याचा स्वतःचा आहे. दाब वाढला की तो थोडे देतो: जा, पण फार लांब नको, पुरुषांनीच जा, गुरे इथेच ठेवा.

आता १८९९ चा पावसाळा पाहू. पाऊस दगा देऊन गेला. ज्वारी गेली, पऱ्हाटी गेली, कडब्यावाचून गुरे मेली. रेल्वे १८६७ पासून अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत धावत होती, त्यामुळे धान्य येऊ शकत होते. ते विकत घ्यायला मजुराकडे पैसा नव्हता. सरकारने दुष्काळी कामे काढली, पण धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही हे धोरण सोडले नाही. उपासमारीच्या मागोमाग रोग आले. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती, ती १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली.

टोळधाडीच्या आधी फारोचे सेवकच त्याला विचारतात, मिसरचा नाश झाला हे तुम्हांला अजून कळत नाही काय? इथे ते काम रमेशचंद्र दत्तांनी केले. ते बंगालमधले निवृत्त आयसीएस अधिकारी, म्हणजे सरकारी यंत्रणा आतून पाहिलेले. त्यांनी १९०० मध्ये लॉर्ड कर्झनला खुली पत्रे लिहिली: पाऊस कमी पडतो हे खरे, पण जड शेतसाऱ्यामुळे शेतकऱ्यापाशी वाईट वर्षासाठी काही उरत नाही. कर्झन सरकारचे उत्तर जानेवारी १९०२ च्या ठरावात आले. दुष्काळाचे कारण पाऊस, सारा नव्हे. वसुली मात्र परिस्थिती पाहून सैल करावी, एवढे मान्य झाले. दत्तांचे सगळेच हिशेब टिकले असे नाही, आणि काही दुष्काळ इंग्रजांच्या आधीही पडले होते. तरीही ‘पुरुषांनीच जा’ ही तडजोड मला त्या ठरावात दिसते. निसर्गावर बोट ठेवले की राजाच्या वाट्याला फक्त दया उरते, जबाबदारी उरत नाही. फारोला तेवढीही पळवाट नव्हती. बहुतेक पीडांचे कारण त्याला आधीच तोंडावर सांगितलेले होते.

त्याच वर्षी कर्झन स्वतः हैदराबादला जाऊन निजामाला भेटले. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेले वऱ्हाड आता कायमच्या पट्ट्याने घ्यायचे ठरले. दहा वर्षांत सुमारे दीड लाख माणसे कमी झालेल्या या मुलखाचा खंड वर्षाला २५ लाख रुपये ठरला.