क्रॉयडनची विहीर

'दूषित पाण्यामुळे होणारे रोग' या मथळ्याखाली पाठ्यपुस्तकात एक यादी असते. पटकी, हगवण, कावीळ, विषमज्वर. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. पाणी दूषित झाले म्हणजे नेमके काय झाले, त्या दिवशी कोण कुठे काम करत होते, कोणती झडप उघडी होती आणि कोणाला काय ठाऊक नव्हते, याचा त्या यादीत मागमूस नसतो. इंग्लंडमधल्या क्रॉयडन या गावी १९३७ साली आलेल्या विषमज्वराच्या साथीत मात्र हे सगळे प्रश्न जाहीरपणे विचारले गेले आणि त्यांची उत्तरे कागदावर राहिली. म्हणून ती हकिकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

क्रॉयडन हे लंडनच्या दक्षिणेला लागून असलेले, तेव्हा दोन लाखांहून अधिक वस्तीचे गाव. पाणीपुरवठा गावच्या महापालिकेचाच होता. खडूच्या खडकात खोल खणलेल्या विहिरींतून पाणी उपसून ते नळाने घरोघरी पोचवले जाई. त्यांतली एक विहीर ॲडिंग्टन येथे होती आणि गावाच्या सुमारे पाचव्या हिश्शापर्यंतच्या भागाला तिचे पाणी जाई. खडूच्या खडकातले पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ असते. अशा खोल विहिरीचे पाणी मुळातच शुद्ध, असा समज त्या काळी पुष्कळ जाणत्या लोकांचाही होता. तरीही ॲडिंग्टनला पाणी गाळण्याची आणि त्यात क्लोरिन सोडण्याची सोय केलेली होती.

१९३७ च्या शरद ऋतूत या विहिरीत बांधकामाची दुरुस्ती निघाली. मजूर विहिरीच्या आत उतरून काम करू लागले. काम चालू असताना गाळणी आणि क्लोरिनची व्यवस्था बंद ठेवण्यात आली होती. इथवर कोणीही म्हणेल की दुरुस्तीच्या काळात असे करावेच लागते. पण याच काळात, मजूर आत काम करत असतानाही, काही वेळा या विहिरीचे पाणी उपसून गावाला दिले जात होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस क्रॉयडनच्या डॉक्टरांकडे तापाचे रोगी येऊ लागले. विषमज्वर ओळखणे सुरुवातीला अवघड असते. ताप हळूहळू चढतो, डोके दुखते, भूक जाते. फ्ल्यू समजून चार-सहा दिवस सहज निघून जातात. शिवाय जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे पहिला रोगी डॉक्टरांच्या दारात उभा राहिला तेव्हा ते पाणी गावाने कित्येक दिवस पिऊन झालेले होते. त्याच्या मागे अजून कितीजण आजारी पडायचे आहेत, हेही त्या वेळी ठरून गेलेले होते. साथ संपली तेव्हा रोग्यांची संख्या ३४१ होती. त्यांपैकी ४३ जण दगावले.

साथीचा उगम कसा शोधतात, हा विद्यार्थ्यांना रंगवून सांगता येण्याजोगा भाग आहे. विषमज्वर दुधातून पसरतो, आइस्क्रीममधून पसरतो, कालवांतून पसरतो, पाण्यातूनही पसरतो. क्रॉयडनमध्ये रोग्यांची घरे नकाशावर मांडली गेली तेव्हा ती गावभर विखुरलेली नव्हती. ॲडिंग्टनचे पाणी जाणाऱ्या भागात ती गोळा झाली होती. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी पटक्याच्या साथीत केले तेच हे. मात्र स्नो यांच्यासमोर रस्त्यावरचा एक हातपंप होता. नळाच्या गावात पंप दिसत नाही. कोणत्या गल्लीत कोणत्या विहिरीचे पाणी जाते हे जमिनीखालच्या नळांवर अवलंबून असते आणि ते पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यालाच ठाऊक असते. रोग्यांचे पत्ते असतात आरोग्य अधिकाऱ्याकडे. एक माहिती एका कचेरीत, दुसरी दुसऱ्या कचेरीत. दोन्ही एकमेकांवर ठेवल्याशिवाय चित्र उमटत नाही. वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. एका पारदर्शक कागदावर गावातले रस्ते आणि नळ काढा, दुसऱ्यावर नुसते रोग्यांचे ठिपके द्या, आणि दोन्ही कागद वेगवेगळ्या गटांना वाटून उगम शोधायला सांगा. गट एकमेकांकडे जाईपर्यंत किती वेळ जातो, तेही घड्याळ लावून पाहा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ॲडिंग्टनच्या विहिरीचा पुरवठा बंद झाला. विहिरीत काम केलेल्या मजुरांची तपासणी झाली. त्यांच्यातला एक विषमज्वराचा वाहक निघाला.

वाहक म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यायला हवे. विषमज्वर होऊन बऱ्या झालेल्या माणसांपैकी थोड्यांच्या शरीरात, बहुधा पित्ताशयात, जंतू वर्षानुवर्षे मुक्काम करतात. माणूस ठणठणीत असतो, पण त्याच्या शौचातून आणि क्वचित लघवीतून जंतू बाहेर पडत राहतात. न्यूयॉर्कमध्ये १९०७ साली मेरी मॅलन नावाच्या स्वयंपाकिणीमुळे ही गोष्ट जगाला ठाऊक झाली. तेव्हापासून तीस वर्षे हे ज्ञान वैद्यकाच्या पुस्तकांत होते. वाहक शोधायच्या तपासण्याही उपलब्ध होत्या. पण विहिरीत माणसे उतरवताना त्यांतल्या कोणाला पूर्वी विषमज्वर होऊन गेला आहे का, हे विचारायचे कोणी? मजूर नेमणाऱ्याला वाहक म्हणजे काय याची कल्पना नव्हती. ज्याला कल्पना होती त्या आरोग्य अधिकाऱ्याला विहिरीत माणसे उतरली आहेत याचाच पत्ता नव्हता. त्या मजुराला तर आपल्या शरीरात काय आहे हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही.

लोक मात्र संतापले होते. साथीची माहिती आपल्याला वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही, अशी त्यांची तक्रार होती. सभा झाल्या, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला आणि डिसेंबर १९३७ मध्ये एच. एल. मर्फी या कायदेपंडितांच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी सुरू झाली. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालाने तीन गोष्टींच्या योगायोगावर बोट ठेवले : विहिरीत चाललेले बांधकाम आणि तिथल्या मजुरांत असलेला वाहक, ते काम चालू असताना गावाला दिलेले पाणी, आणि त्याच वेळी बंद असलेली गाळणी व क्लोरिन. या तिन्हींतली एक जरी नसती तरी साथ आली नसती. वाहक विहिरीत उतरला असता आणि पाणी उपसून वाया घालवले असते, तर काही बिघडले नसते. पाणी दिले असते पण त्यात क्लोरिन असता, तरी बहुधा काही झाले नसते.

योगायोग हा शब्द मला थोडा खटकतो. फासे टाकल्यावर तीनदा सहा पडणे हा योगायोग, कारण एका फाशाला दुसऱ्याची खबर नसते. इथे तीन गोष्टी तीन माणसांच्या हातात होत्या आणि ती माणसे एकाच महापालिकेची होती. चौकशीनेही हेच म्हटले, जरा सौम्य शब्दांत. काम काढणारे गावचे अभियंता चार्ल्स बोस्ट आणि आरोग्य अधिकारी डॉ. ऑस्कर होल्डन यांच्यात गैरसमज होते आणि पुरेसा संपर्क नव्हता, असा ठपका ठेवला गेला. बोस्ट यांनी काम लपवले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते विटा-सिमेंटचे काम होते, आणि विटा-सिमेंटच्या कामाबद्दल डॉक्टरला कशासाठी सांगायचे? क्लोरिन बंद आहे ही त्यांच्या लेखी यंत्राची बाब होती. होल्डन यांच्या लेखी ती रोगाची बाब ठरली असती. एकच झडप, पण ती दोघांच्या वहीत वेगवेगळ्या पानावर होती.

क्रॉयडनच्या आधीही असे घडले होते. केंब्रिजच्या कीझ महाविद्यालयात १८७३ साली विद्यार्थ्यांना विषमज्वर झाला. गंमत अशी की रोगी बहुतेक सगळे ट्री कोर्ट या नव्याकोऱ्या, त्या काळच्या सर्व सोयी असलेल्या इमारतीतले. सरकारी वैद्यक अधिकारी जॉर्ज ब्यूकॅनन यांनी शोध घेतला. नळाचा पुरवठा बंद झाला की नळातला दाब जातो आणि नळ उलट बाहेरचे आत ओढू लागतो. शौचकुपाला पाणी देण्यासाठी त्याच नळावरून थेट जोड दिलेला होता. त्या वाटेने घाण पिण्याच्या नळात शिरली, असा त्यांचा निष्कर्ष होता. पेल्यात नळी बुडवून दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढले की काय होते, ते विद्यार्थ्यांना माहीत असते. तेच इथे झाले. शौचकुपाची जोडणी करणाऱ्याने चांगलीच जोडणी केली असेल. वरचा पुरवठा अधूनमधून बंद होतो, हे त्याने हिशेबात धरायला हवे होते. आपल्याकडे दिवसातून काही तासच पाणी येणाऱ्या गावांत हा धडा अजून जुना झालेला नाही.

शिकागोत १९३३ साली जागतिक प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाला आलेल्या लोकांत अमीबाजन्य हगवण पसरली. सुमारे १,४०० रोगी, ९८ मृत्यू. उगम निघाला शेजारशेजारच्या दोन मोठ्या हॉटेलांत. एकाची इमारत १८८९ ची, दुसरे १८९३ साली उघडलेले. चाळीस वर्षांत नळांत फेरबदल होत गेले होते, आणि पिण्याच्या पाण्याचे व सांडपाण्याचे मार्ग एकमेकांना भिडले होते. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले. तिथल्या डॉक्टरांपुढे एकएकटाच रोगी होता, त्यामुळे काही ठिकाणी आंत्रपुच्छाचा दाह समजून शस्त्रक्रियाही झाल्या आणि त्यात रोगी दगावले. क्रॉयडनचा नकाशा एका गावाचा होता. इथे तो अख्ख्या अमेरिकेवर पसरलेला होता.

क्रॉयडनची गोष्ट पुढे न्यायालयात गेली. आजारी पडलेल्या एका मुलीच्या वतीने आणि तिच्या वडिलांच्या वतीने महापालिकेवर दावा लावण्यात आला आणि १९३८ मध्ये न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल अजून शिकवला जातो. त्यानंतर १९३९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने पाणीपुरवठ्याच्या रोजच्या कारभारात घ्यायच्या खबरदारीचे निवेदन काढले. विषमज्वर होऊन गेलेल्या माणसाला जलकामावर घेण्यापूर्वी त्याची तपासणी, कामाच्या जागी स्वच्छतेची शिस्त, क्लोरिन न दिलेले पाणी गावाला न देणे, आणि अभियंता व आरोग्य अधिकारी यांनी एकमेकांना कळवत राहणे, अशा गोष्टींना त्यानंतर नियमाचे रूप येत गेले.

आज ब्रिटनमध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, टाक्या आणि मुख्य नळांवर काम करायचे असेल तर नळकारागिराला आणि मजुराला जलस्वच्छतेचे निळे ओळखपत्र लागते. ते मिळवण्यासाठी थोडे प्रशिक्षण आणि छोटी परीक्षा असते. पूर्वी कोणते आजार झाले, सध्या जुलाब किंवा ताप आहे का, हे प्रश्नही त्यात असतात. नवा नळ जोडला की तो क्लोरिनच्या पाण्याने भरून ठेवतात, मग धुऊन काढतात, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि निकाल येईपर्यंत झडप बंद राहते.