टोर्नेडो : एका निषिद्ध शब्दाची गोष्ट

आपल्या गोव्यात वैशाखातल्या सांजवेळी सह्याद्रीवर ढग जमू लागले, की अंगणात वाळत घातलेली सोलं आणि मिरच्या आत घ्यायची धांदल उडते. अमेरिकेच्या ओक्लाहोमा, कॅन्सस यांसारख्या मैदानी राज्यांत त्याच ऋतूत ढग पाहून तळघर गाठायचे की नाही, हे ठरवावे लागते. तिथे मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा समोरासमोर येतात. जमिनीलगतचा वारा एका दिशेचा आणि उंचावरचा दुसऱ्या दिशेचा व जोरकस असला, की ढगात वर चढणारा प्रवाह गरगरू लागतो. अशा काही ढगांतूनच टोर्नेडो जमिनीवर उतरतो.

हे आधी सांगता येईल का? हा ध्यास घेतला जॉन पार्क फिन्ली या लष्करी हवामान खात्यातल्या अधिकाऱ्याने. त्याने गावोगावचे हौशी निरीक्षक जमवले. त्यांची संख्या पुढे दोन हजारांवर गेली. १८८४ साली त्याने प्रायोगिक भाकिते केली आणि २८०३ पैकी ९६.६ टक्के बरोबर आल्याचे जाहीर केले. त्यावर ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने त्याच वर्षी बोट ठेवले ते वर्मावर. रोज डोळे मिटून 'टोर्नेडो होणार नाही' म्हटले असते, तर ९८.२ टक्के भाकिते खरी ठरली असती! फिन्लीने शंभर वेळा टोर्नेडो सांगितला, तो २८ वेळा आला. २३ वेळा न सांगता आला.

पण म्हणून फिन्लीची मेहनत फुकट गेली का? मुळीच नाही. 'होणार नाही' म्हणणाऱ्याने एकाही माणसाला सावध केले नसते. दुर्मीळ संकटाचे भाकीत नुसत्या टक्केवारीने मोजता येत नाही, हा धडा त्या वादातून मिळाला. सरकारने मात्र वेगळाच मार्ग धरला. लोक घाबरतील, वादळापेक्षा घबराटीनेच जास्त नुकसान होईल, म्हणून 'टोर्नेडो' हा शब्दच भाकितांतून हद्दपार झाला. ही बंदी १९३८ पर्यंत टिकली, आणि नंतरही तो शब्द उच्चारायला अधिकारी कचरतच होते.

ही कोंडी फोडली एका योगायोगाने. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो कोसळला आणि विमानांचा चुराडा झाला. तळावरच्या अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोघा अधिकाऱ्यांना वरिष्ठांनी कामाला लावले : याची लक्षणे शोधा. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर तीच लक्षणे दिसली. त्याच जागी पुन्हा टोर्नेडो? बोलावे तर हसे होणार, गप्प बसावे तर... दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी इशारा दिला. विमाने हलवली गेली, माणसे आडोशाला गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो खरोखरच तळावर आला! १९५० साली हवामान खात्याच्या प्रमुखांनी हा शब्द वापरण्यास आपल्या माणसांना मनाई नसल्याचे लेखी कळवले.

यानंतर हौशी मंडळींचे दिवस आले. डेव्हिड होडली १९५६ पासून वादळांमागे फिरू लागला. आकडे मिळवून स्वतःच अंदाज बांधायचा आणि निघायचा. १९७७ साली त्याने 'स्टॉर्म ट्रॅक' हे नियतकालिक काढले. १९७३ च्या मे महिन्यात युनियन सिटीच्या टोर्नेडोचे संशोधकांनी मागावर राहून चित्रण केले आणि त्याच वेळी डॉप्लर रडारने ढगातले घूर्णन टिपले. रडार ढगाच्या पोटातले दाखवते, पण टोर्नेडो जमिनीला टेकला का, हे सांगायला आजही अनेकदा डोळस माणूस लागतो. या छंदाची किंमतही मोठी आहे. ३१ मे २०१३ रोजी एल रेनोच्या टोर्नेडोने टिम समारास या अनुभवी संशोधकाचा, त्याच्या मुलाचा आणि सहकाऱ्याचा बळी घेतला.

आजचे अंदाज 'अमुक ठिकाणापासून २५ मैलांच्या आत टोर्नेडोची शक्यता १० टक्के' अशा भाषेत येतात. ऐकणाऱ्याला दहा टक्के म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. नकाशे वाचणारा हौशी माणूस मात्र दचकतो, कारण इतर दिवशी ती शक्यता एक टक्काही नसते. दहापैकी नऊ वेळा त्याच्या वाट्याला निरभ्र आकाश येते, हे ठाऊक असूनही तो शेजाऱ्याला सांगायला जातो, की आज रात्री रेडिओ चालू ठेवा.