आधी आकडा, मग रडगाणं

घणसोलीच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात भाऊंच्या हातच्या अर्जांच्या कार्बन प्रती आहेत, निळ्या, कडेने कुरतडलेल्या. भाऊ म्हणजे माझे वडील. मिठागरावर मुकादम, शिक्षण फायनलपर्यंत. पण 1970 नंतर गावात कुणाला जमिनीची नोटीस आली की तो माणूस दिवेलागणीला आमच्या ओटीवर हजर.

नोटिशीला कुणाला काही पटवायचं नसे. 1894चा भूसंपादन कायदा, कलम 4, 'सार्वजनिक प्रयोजन', सर्व्हे नंबर, क्षेत्र, खाली सही. हरकत घ्यायला 30 दिवस. पटवायचं काम सगळं आमच्या अंगावर.

त्याचे भाऊंचे स्वतःचे कायदे होते. 'आम्ही गरीब शेतकरी' अशी सुरुवात कुणी सांगितली की ते हात थांबवायचे. "गरीब समदेच हायेत. आधी आकडा, मग रडगाणं." म्हणजे सर्व्हे नंबर, हिस्सा, गुंठे, भात किती खंडी, खाडीकाठच्या खाजणाचा बांध फुटला तेव्हा घरटी किती माणसं माती घालायला गेली. खाणारी तोंडं त्यानंतर. 'कृपया' एकदाच, तेही शेवटी. अर्ज एका पानात बसलाच पाहिजे, कारण साहेब पान उलटत नाही. एकदा एका कार्यालयात त्यांचा अर्ज ठेवून घेतला आणि महिन्याने 'आलाच नाही' म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात पोचेच्या शिक्क्यापुरती जागा मोकळी सोडलेली दिसते.

या नोटिशींच्या मुळाशी दुसरं एक लिखाण होतं, ते मी निवृत्त झाल्यावर मुंबईत एका ग्रंथालयात बसून वाचलं. मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' या इंग्रजी नियतकालिकाचा जून 1965चा अंक. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी त्यात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. मुंबई चिंचोळी, सकाळी सगळे दक्षिणेकडे, संध्याकाळी सगळे उत्तरेकडे. कामधंदा खाडीपलीकडे न्या, म्हणजे शहराची वाढ पूर्वेकडे वळेल. पैसा कुठून? जमीन सरकारने आधीच हातात घ्यायची. शहर वसलं की भाव चढणार, त्या चढीतूनच रस्ते आणि गटारं.

मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. वाचणाऱ्याचं रोजचं लोकलमधलं दुखणं धरून आणलेला मुद्दा, आणि शेवटी तिजोरीला तोशीस नाही! सरकारलाही पटलं. 17 मार्च 1970ला हे शहर उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. 95 गावं, सुमारे 344 चौरस किलोमीटर. त्यात आमची खाजणं.

भाऊंनी 'मार्ग'चं नावही ऐकलं नव्हतं. पण त्यांच्या एका प्रतीत एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: शहरामुळे जमिनीचा भाव चढणार असेल तर त्या चढीत जमीनवाल्याचा वाटा किती? त्या तिघांचा सगळ्यात पक्का मुद्दा आमच्या ओटीवर उलटा होऊन बसला होता. फरक इतकाच की त्यांचा वाचणारा मंत्रालयात होता, भाऊंचा खिडकीतला कारकून.

तोच हिशेब जासईचे दि. बा. पाटील गावोगावच्या सभांतून मांडत होते. स्वतः वकील, शेतकरी कामगार पक्षाचे. कागद आणि भाषण दोन्हींवर हुकमत. 16 आणि 17 जानेवारी 1984ला उरण भागात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत, ही योजना त्या लढ्यातून आली. 'चढीतला वाटा' सरकारी भाषेत आला तो असा.

ट्रंकेत त्या जानेवारीनंतरची एकच प्रत आहे. तिची पहिली ओळ भाऊंनी इतकी गिरगटून खोडलीय की काही लागत नाही. आकडा दुसऱ्या ओळीत आहे: पाच.